कुलूपबंद दवाखान्यात फिरणारा ड्रम

थांबा थांबा, हातातलं काम ठेवा जरा, हे आत्ताच्या आत्ता सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही! आज सकाळी दगड घासून चमकवणाऱ्या माझ्या ड्रममधून पहिली खेप निघाली. महिनाभर फिरवायले होते. शेताच्या बांधावरच्या गारगोट्या, ज्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, अशा चमकायल्यात की काय सांगू! ओल्या हातानंच टाईप करायलेय, चुका सांभाळून घ्या. दगड धुता धुता ती केस आठवली. तशी ती कधीच विसरले नाही म्हणा, पण आज पार अंगावर आली.

आधी माझी ओळख. मी पोलीस उपनिरीक्षक होते. निवृत्त म्हणलं की लोकांना पांढऱ्या मिशांचे साहेब दिसतात, आणि मी तिशीतली बाई! ड्युटीवर असताना जीप उलटली, पाय गेला कामातून, मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. असो, ते रडगाणं नको. ही केस परभणी जिल्ह्यातलीच, जिंतूर भागातली. कुणाचंही नाव लिहिणार नाही, ठाण्याचंही नाही.

मे महिना होता. परभणीकडचा मे म्हणजे सकाळी नऊलाच डांबर मऊ पडायला लागतं. हजेरी झाली, रात्रीच्या गस्तीवाल्यांच्या नोंदी बघून झाल्या आणि मी चहाचा पहिला घोट घेणार तेवढ्यात एक किराणा दुकानदार ठाण्यात आला. पन्नाशीचा माणूस, कपाळावर विभूती, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. शिवाची भक्ती करणारं लिंगायत वाण्याचं घर. आला आणि बाकावर बसलाच.

आमचे जमादार जुने, लय वर्षांचे. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. दुकानदारानं ग्लास धरला आणि त्याला रडूच फुटलं.

"आईनं काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई, मॅडम. तिचं लिंग गेलं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या घरांत प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. लहानसं, वरून काळ्या लेपाचं, चांदीच्या डबीत. सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच पाणी, मगच अन्न. पूजा नाही तर काहीच नाही. आज्जींचं वय सत्तरीच्या पुढं, बाहेर ऊन असं, आणि पोटात कालपासून काही नाही. म्हणजे बघा, इथं वस्तू शोधायची होती का माणूस वाचवायचं होतं!

"गळ्यातलं गेलं कसं?" मी विचारलं.

"डबीची कडी तुटली म्हणून डबी सोनाराकडं दिली. तेवढ्यापुरतं लिंग कापडात गुंडाळून पूजेच्या ताटात ठेवलं व्हतं. संध्याकाळी बघितलं तर कापड हाय, लिंग न्हाई."

"दुसरं मिळतं ना गुरूंकडून?"

"मिळतं की. मठात फोन बी केला, महाराज यायला तयार हायत. पण आई म्हणती, आधी सांगा गेलं म्हणून. मॅडम, माझ्या तोंडून निघंना ते."

मी ठाणे अंमलदारांना स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि टोपी घातली. तेवढ्यात फोन वाजला. अंमलदारांनी घेतला, ऐकलं, आणि स्पीकरवर टाकला. नाव सांगायला तयार नसलेला माणूस, पण मागं पानाच्या दुकानातलं रेडिओचं गाणं आणि चुन्याची डबी आपटल्याचा आवाज, म्हणजे कोण ते आमच्या जमादारांना लगेच कळलं.

"साहेब, वाण्याच्या घरी चोरी झाली ना? त्येच्या शेजारचा दाताचा डॉक्टर बघा. दगडं घासून चमकवतो अन् राशीचे खडे म्हणून इकतो. मशीन रातंदिस चालू असतंय. काल दुपारी क्लिनिकला कुलूप घातलं अन् पाठीला बॅग लावून पसार झालाय!"

"तुमी पाहिलं का त्याला खडे विकताना?" जमादारांनी विचारलं.

"इकत नसंल तर मग घासतो कामून? रिकामा हाय का डॉक्टर?"

फोन बंद.

माझं डोकं भणभणायला लागलं! काल लिंग गायब, कालच शेजारचा डॉक्टर गायब, आणि डॉक्टरला दगडांचा नाद. एवढं सरळ जुळलं की मला जीपमध्ये नीट बसवेना. जमादार मात्र थंड. ते म्हणले, "मॅडम, त्या डॉक्टरनं माझी दाढ काढलीय. रडलो न्हाई म्हणून मला एक दगड बक्षीस दिला व्हता. लेकरावानी." आणि खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला तांबडा दगड दाखवला. पॉलिश केलेला अकीक मी पहिल्यांदा पाहिला तो हाच, खरं सांगते, पण तेव्हा बघायला फुरसत कुणाला होती!

घर आणि दवाखाना यांची मधली भिंत एकच. दवाखान्याला कुलूप. कान लावला तर आतून आवाज. घर्र घर्र, आणि मधे मधे खळखळ, जसं कुणी मोठ्या डब्यात सुपाऱ्या हलवायलंय. शेजारी एक बाई कंटाळून म्हणली, "चार चार दिवस बंद करत न्हाई ओ. आमची झोप घासून गुळगुळीत झाली." डॉक्टरांचा फोन लावला. रेंजच्या बाहेर. परत लावला. रेंजच्या बाहेर.

वाण्याच्या घरात गेले. मधल्या खोलीत पंख्याखाली आज्जी बसलेल्या. आडव्या नाही, बसलेल्या! ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण पाठ ताठ. त्यांचे नेहमीचे डॉक्टर, दाताचे नव्हेत, सलाईनची बाटली घेऊन तयार, आज्जी त्यांना हात लावू देईनात.

"सुईतून गेलं काय अन् तोंडातून गेलं काय, जायाचं पोटातच ना? मला काय येडी समजता?"

मग माझ्याकडं वळल्या. "तू पोलीस का गं? ये. हे बघ पोरी, मला कुणाला जेलात घालायचं न्हाई. मला दोनातलं एक सांग. हाय, म्हण. नायतर गेलं, म्हण. गेलं म्हणलीस तर महाराजांकडून दुसरं घेईन, रडंन, जेवंन. पण मधी लोंबकळत ठिवू नका. माझं लिंग कुठंतरी हाय अन् मी पाणी पिते, असं व्हायचं न्हाई."

बघा, किती साफ बोलल्या! आमच्या कितीतरी फिर्यादी तीन पानं लिहून देतात आणि काय पाहिजे ते कळत नाही. इथं मला एका वाक्यात तपासाची दिशा मिळाली. खरं काय ते आज कळलं पाहिजे. उद्या नाही.

मी पद्धतीप्रमाणं एकेकाचा जबाब घ्यायला बसले. घरात माणसं तीनच. आज्जी, मुलगा, सून. मुलगा काल दिवसभर दुकानात. त्याचा संशय सोनारावर, पण सोनार घरी आलेलाच नव्हता, डबी मुलानंच नेऊन दिलेली. बाहेरचं कुणी आलं होतं का? नाही. मोलकरीण? सुट्टीवर. दुपारी आज्जी झोपल्या होत्या, सून जागी होती.

सून चाळिशीची असेल. डोक्यावर पदर, आवाज खालचा. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, "मला म्हाईत न्हाई, मॅडम." मी नाना तऱ्हेनं विचारलं. ताट कुणी घासलं? "मीच." कापड कुणी बघितलं? "आत्याबाईंनी." म्हणजे सासूनं. शेजारचे डॉक्टर घरी येतात का? "न्हाई." घाबरलेली होती, पण पोलीस घरात आल्यावर घाबरत नाही असं घर मी पाहिलेलं नाही. नवरा घाबरलेला, जमादार आज्जींकडं बघून घाबरलेले, मीसुद्धा घाबरलेले! भीतीवरून काय ओळखणार?

आणि मग, ऐका, लाईट गेली!

आमच्याकडं लाईट जाणं म्हणजे काही विशेष नाही. पंखा घरंगळत थांबला. सगळे एका सुरात "गेली का!" म्हणले. मुलानं वर्तमानपत्रानं आईला वारा घालायला घेतला, जमादारांनी टोपी काढून घाम पुसला, सलाईनवाले डॉक्टर वीज मंडळाला काहीतरी बोलले ते लिहीत नाही. आणि भिंतीपलीकडचा ड्रमही थांबला. शांत.

माझं लक्ष सहज सुनेकडं गेलं. तिनं डोळे मिटले. खांदे खाली आले. छातीवरचा दगड काढल्यासारखा तिनं श्वास सोडला. एवढ्या उकाड्यात, पंखा बंद पडल्यावर, एका माणसाला बरं वाटायलं होतं!

मी तिला म्हणलं, "वहिनी, स्वयंपाकघरात चला जरा."

आत गेल्यावर दार लोटलं. "लाईट गेल्यावर तुमाला एवढं बरं कामून वाटलं?"

"उकाड्यानं..."

"उकाड्यात पंखा बंद पडल्यावर बरं वाटतं व्हय?"

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, परत ठेवलं. चौकशीत गप बसायला लय जीवावर येतं, माझ्यासारखीला तर फारच, पण बसले. मिनिटं गेली. मग लाईट आली. बाहेर सगळे "आली आली!" म्हणले, आणि भिंतीपलीकडं घर्र घर्र, खळखळ परत सुरू.

सून खालीच बसली. दोन्ही कान दाबून धरले.

"बंद करा ते! मॅडम, आधी ते बंद करा! त्येच्यात हाय! आत्याबाईंचं लिंग त्येच्यात फिरायलंय!"

मी तशीच बाहेर पळाले. "जमादार! डॉक्टरांच्या मीटरचा कटआउट काढा!"

"मॅडम, नोंद?"

"आधी काढा, मी लिहिते!"

जमादार त्या वयात बोळात असे धावले म्हणता! कटआउट निघाला, ड्रम थांबला. मी परत आत.

मग तिनं सगळं सांगितलं. ताट घासताना कापड सुटलं, लिंग शहाबादी फरशीवर पडलं, काळ्या लेपाचा टवका उडाला. आज्जी बाजूलाच झोपलेल्या. सासूचं इष्टलिंग हातून पडलं हे सांगायचं कसं? तेवढ्यात तिला शेजारच्या भिंतीमागच्या दगडांची आठवण झाली. डॉक्टर फुटक्या दगडांना गुळगुळीत करतात. नेलं तसंच पदरात. डॉक्टर ड्रममध्ये दगड भरायले होते. ती म्हणली, जरा टवका गेलाय, चकचकीत करून द्या, कुणाला सांगू नका. डॉक्टरांनी हातात घेतलं, "ठेवून जा, बघतो" म्हणले, दुसऱ्या हातानं ड्रमचं झाकण धरलेलं. ही पळाली. संध्याकाळी आज्जींनी ताट बघितलं तेव्हा ही परत आणायला धावली, तर कुलूप, आणि आत घर्र घर्र.

"रात्रभर ऐकलं, मॅडम. भिंतीला लागूनच झोपते मी. एकेक खळखळीला वाटायचं, आता एवढं झिजलं, आता एवढं झिजलं. सांगणार काय? तुमचा देव म्या गिरणीत टाकला म्हणून?"

बाहेर आज्जी विचारायल्या होत्या, "पोरी, हाय का गेलं?"

मी म्हणलं, "थोडं थांबा, आज्जी. थोडंच."

आता कुलूप. तोडायचं तर पंच पाहिजेत, कारण लेखी पाहिजे. जमादारांनी पंच म्हणून कुणाला उचलून आणावं? पानवाल्याला! फोन करणाऱ्यालाच! तो म्हणायला लागला, "मी कशाला, मला काय म्हाईत?" जमादार म्हणले, "सगळ्यात जास्त तुलाच म्हाईत हाय, ये." दुसरा पंच शेजारचा. मी कागदावर लिहायला सुरुवात केली, तोच बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि आतून डॉक्टर उतरले! डोक्यावर टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, पाठीवर जड बॅग. दारात पोलीस बघून जागीच उभे राहिले, आणि दोन्ही हात वर!

"मॅडम, वाळू न्हाई! देवाशप्पथ, एक कण वाळूचा न्हाई! निव्वळ दगडं हायत!"

मला अशा वेळीही हसू आलं. आमच्याकडं नदीतून कुणी बॅग भरून आलं की पोलीस आधी वाळूच समजणार, एवढं त्यांनाही ठाऊक! डॉक्टर देवगाव फाट्याच्या पुढं दुधना नदीच्या पात्रात गेले होते दगड वेचायला. ओळखीच्याकडं मुक्काम, रेंज नाही.

"ड्रम उघडा," मी म्हणलं.

"कामून? काय झालं?"

"आधी उघडा!"

डॉक्टरांनी कुलूप काढलं, ड्रम खाली घेतला. रबरी पोटाचा जाड डबा, केवढा जड! झाकण काढलं तर आत राखाडी चिखल. दगड घासायची कुरुंदाची पूड आणि झिजलेल्या दगडाचा गाळ. मी म्हणलं ओता मोरीत. ते ओरडलेच, "मोरीत न्हाई! सिमेंटसारखं बसतं, नगरपालिका मला बसवंल!" बादलीवर चाळणी ठेवली, ओतलं, पाणी मारलं. आणि चिखलातून एकेक दगड वर यायला लागला. मधासारखा पिवळा. तांबडा. पांढरा, त्यात करड्या रेघा, जणू कुणी बारीक पेननं ओढल्यात. एवढं सगळं टांगणीला लागलेलं आणि तरी मी बघतच राहिले! पानवालासुद्धा म्हणला, "आयला, हे आपल्या शेतातले?"

काळा एकही नाही.

सून दारात उभी होती, तोंडात पदर. "झिजलं," म्हणली. "पार झिजलं."

"काय झिजलं?" डॉक्टर.

"काल दिलेलं... काळं..."

"ते?" डॉक्टर उठलेच. "ताई, ते मी ह्यात टाकलंच न्हाई!"

ड्रॉवर ओढला. आत कवळी ठेवायची गुलाबी प्लास्टिकची डबी, नवी कोरी. झाकण उघडलं. कापसावर आज्जींचं इष्टलिंग. टवका गेलेलं, पण आहे! होतं तिथंच, भिंतीच्या पलीकडं, अख्खं!

"कुठलाही दगड ड्रममध्ये टाकायच्या आधी मी टोचणीनं बघतो," डॉक्टर सांगायला लागले. "कठीण दगडात मऊ काही गेलं की त्याचा भुगा होतो अन् बाकीचे बी खराब होतात. ह्याच्या लेपात नखसुद्धा रुतलं. मग नीट बघितलं, म्हणलं हे तर इष्टलिंग दिसतंय. ताईंना आवाज द्यायला बाहेर आलो तर ताई गायब! म्हणलं परत आल्यावर विचारू. बस चुकत होती माझी."

मी एवढ्या जोरात "हाय!" ओरडले की भिंतीपलीकडून आज्जींचा आवाज आला, "काय म्हणली गं? हाय म्हणली?"

डबी मी सुनेच्या हातात दिली. मला वाटलं तिनं न्यावी. तिनं काही तरी सांगून वेळ मारून न्यावी असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण ती आत गेली, आज्जींपुढं बसली, डबी ठेवली आणि म्हणली, "माझ्या हातून पडलं, आत्याबाई. टवका गेला. भ्याले. डॉक्टरकडं नेऊन दिलं."

नवऱ्याचं तोंड उघडंच. आज्जींनी लिंग उचललं, अंगठ्यानं टवक्याची जागा चाचपली. मग डावा तळहात पुढं केला, पाणी मागितलं, विभूती मागितली, पूजा केली. एक क्रिया चुकवली नाही. आम्ही सगळे उभे. जमादारांनी टोपी काढून हातात घेतलेली.

पूजा झाली. मुलानं पाण्याचा तांब्या पुढं केला. आज्जींनी दोन घोट घेतले, आणि तांब्या सुनेपुढं धरला.

"घे. तू बी कालपासून उपाशी हायस. मला दिसत न्हाई व्हय? मला वाटलं माझ्यासाठी उपाशी बसलीस. मनात म्हणलं, काय गुणाची सून! आता कळलं, सोताच्या भ्यानं बसली व्हतीस."

सून रडत होती आणि हसतही होती. आज्जींनी तांब्या तिच्या तोंडालाच लावला. "पी म्हणते ना. अन् पुढल्या टायमाला काही फुटलं तर दाताच्या डॉक्टरकडं पळू नको. माझ्याकडं आण. माझ्या तोंडात दात न्हाईत, मी चावत न्हाई."

दोन दिवसांनी महाराज आले, लेप नव्यानं करून दिला. आम्ही स्टेशन डायरीला लिहिलं, वस्तू शेजारी मिळून आली, घरच्यांच्या ताब्यात दिली, कुणाविरुद्ध तक्रार नाही. राशीच्या खड्यांची खबरही तपासली, त्यात काही निघालं नाही. डॉक्टर दगड विकत नव्हते, वाटत होते. दात काढताना न रडणाऱ्याला एक. पानवाल्यानं पुढच्या आठवड्यात दाढ काढून घेतली म्हणे, आणि रडला. डॉक्टरांनी तरी दिला एक!

मला या केसनं काय शिकवलं ते सांगते. घाबरलेलं माणूस कुणालाही ओळखता येतं, आणि त्याचा काही उपयोग नाही, कारण खाकी बघून सगळेच घाबरतात. मी त्यानंतरच्या प्रत्येक चौकशीत दुसरंच बघायला लागले. समोरच्याला बरं कधी वाटतंय? कुठला विषय बदलला की खांदे खाली येतात, कोण खोलीतून बाहेर गेलं की श्वास सुटतो. भीती कशाचीही असते. पण सुटका नेमक्या एकाच गोष्टीतून होते, आणि ती गोष्ट माणूस लपवू शकत नाही, कारण त्या क्षणी त्याचं स्वतःकडं लक्षच नसतं.

आणि आणखी एक. ती बाई रात्रभर जे झिजताना ऐकत होती, ते ड्रॉवरमध्ये कापसावर निवांत पडलेलं होतं. एका वाक्यानं सुटलं असतं. सासू पलीकडच्याच खाटेवर होती.

तुमच्या घरात असं झालंय का कधी? काही हातून पडलं, फुटलं, आणि ज्याला सांगायचं ते माणूस हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही भिंतीकडं तोंड करून रात्र काढलीत? मग सांगितलंत का? आणि सांगितल्यावर समोरचं माणूस काय म्हणलं?